एक ठोका आणि कोरडं फडकं

तिवरपाड्याच्या देवळात बाप्तिस्म्याची घंटा सलग वाजत नाही. आधी एकच ठोका पडतो, मग सगळं गप्प. बाहेरगावचे पाहुणे एकमेकांची तोंडं बघायला लागतात, कारण एकटा ठोका म्हणजे आपल्याकडे कुणीतरी गेलं. पण गावचं माणूस जागचं हलत नाही. आत देवळात बाळाची धर्ममाता खाली वाकलेली असते. कुंडाच्या बुडाभोवती ती पांढरं फडकं फिरवते, उभी राहते, फडकं सगळ्यांना दिसेल असं वर धरते आणि म्हणते, “कोरडं!” मग घंटा सुटते ती अशी सुटते की खाडीपलीकडच्या लोकांना कळावं, तिवरपाड्यात आज पाळणा भरला.

हेच ते कुंड. या जवळ, हात लावा, कुणी रागवत नाही. अख्खं एका काळ्या दगडातलं आहे, कुठे जोड नाही. तीन बाजूंना मासे आहेत, सुपारीचे घोस आहेत, केळीची पानं आहेत. कोरीव इतकं खोल की बोटाचं पेर आत जातं. चौथ्या बाजूला मात्र नुसता एक वेल, नखाने ओढल्यासारखा. पाहुणे म्हणतात, कारागीर दमला असेल. दमला नव्हता तो. भ्याला होता. आता ठोकून बघा. माशांच्या बाजूला ठोकलं की दगड कसा खणखणीत बोलतो. आणि वेलाच्या बाजूला? भिजलेल्या मडक्यासारखा, मुका.

तर ऐका. खाडी होती, खाडीकाठी गाव होतं. गावात बस्त्याव पाथरवट होता, त्याची बायको कोंसू होती, आणि अंगणातल्या दगडी गडग्यापलीकडे कोंसूची थोरली जाऊ होती, तिचं नाव इजबेल. बस्त्यावच्या हातात कसब होतं, कोंसूच्या हाताला चव होती, इजबेलच्या विहिरीला गोडं पाणी होतं. नव्हतं ते एकच. दोन्ही घरांत पाळणा हलत नव्हता. इजबेलचा नवरा दर्यावर गेला तो परत आला नाही, आणि तिची कूस उजवलीच नव्हती. कोंसूची उजवली होती, पण पोर टिकत नव्हतं.

तेव्हा गावाला देऊळ नव्हतं, असं सांगतात. बाप्तिस्मा म्हणजे पोर होडीत घालून खाडीपलीकडे न्यायचं, तेही भरती असेल तेव्हा. कोंसूचं पहिलं पोर नेताना ओहोटी लागली. होडी चिखलात रुतली आणि पोर मावशीच्या मांडीवर थंड झालं. दुसरं तर धक्क्यापर्यंतही पोचलं नाही. फिलूमाय सुईणीने घाईघाईत लोट्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं, नाव उच्चारलं, आणि नाव पुरं होतंय तोवर पोर गेलं.

त्या दिवशी इजबेल गडग्याच्या वाटेने धावत आली होती. दोन घरांच्या मधे त्या गडग्यात माणूस जाईल एवढी वाट होती, सणासुदीची ताटं तिथूनच इकडची तिकडे व्हायची. इजबेल दारात उभी राहिली आणि म्हणाली, “कोंसू, कसं आहे गं बाळ?” बिचारीला ठाऊक नव्हतं. पण कोंसूचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती म्हणाली, “बघ, अजून बघ! तुझ्या रित्या कुशीची नजर लागली माझ्या लेकराला. आता तरी पोट भरलं का तुझं?”

इजबेल आल्या पावली वळली. घरी गेली आणि स्वतःच्या हातांनी दगड उचलून तिने गडग्यातली ती वाट बुजवून टाकली. त्या दिवसापासून कोंसूच्या घराला गोडं पाणी बंद झालं. त्यांची विहीर खाडीच्या बाजूला. पावसाळ्यात बरी, पण उन्हाळा लागला की मचूळ. भाताला मीठ घालावं लागत नसे, इतकी.

पुढे गावाने देऊळ बांधायला घेतलं. भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली, घंटा आली. कुंड तेवढं राहिलं. पलीकडचे पाद्रीबाबा बस्त्यावला म्हणाले, “मजुरी काय घेशील?” बस्त्याव म्हणाला, “मजुरी नको. माझी बायको तिसऱ्यांदा पोटुशी आहे. या कुंडात पहिला बाप्तिस्मा माझ्या पोराचा, एवढंच द्या.” पाद्रीबाबांनी मान हलवली. झाला तो नवस.

आता पाथरवटाची रीत काय असते? नवा दगड आला की छिन्नी लावण्याआधी त्याला हातोडीने हलकेच ठोकायचं आणि कान द्यायचा. त्याला म्हणतात दगडाला विचारणं. निकोप असेल तर दगड बोलतो, पोटात चीर असेल तर मुका राहतो. पण गावाची रीत दुसरी. घरात पोटुशी असेल तर कशालाच काही विचारायचं नाही. ना जोशाला, ना कौलाला, ना दगडाला. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालेलं उत्तर पोटातल्या पोराला लागतं.

दगड बैलगाडीतून अंगणात उतरला. बस्त्यावने सवयीने हातोडी उचलली, तशी कोंसू धावत आली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

“विचारू नका.”

“अगं, दगड तरी पारखून घेऊ दे.”

“मुका निघाला तर? मग मी पुढचे महिने कसे काढू? नका विचारू. तुम्हाला माझ्या पोटाची आण आहे.”

बस्त्यावने हातोडी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने न विचारता दगडाला छिन्नी लावली.

मग रोज अंगणात टकटक सुरू झाली. कोंसू चुलीपाशी बसून ऐकायची. छिन्नीचा घाव पडला की पोटातलं पोर हलायचं. हललं की तिला वाटायचं, भ्यालं. नाही हललं की वाटायचं, गेलं. भाकरी तव्यावर करपायची आणि तिला वास यायचा नाही. फिलूमाय तपासायला यायची आणि चिडायची, “अगं, पोर तुझ्या पोटात आहे, कानात नाही!” पण ज्या बाईने दोन पाळणे माळ्यावर ठेवून दिले, तिला शहाणपण कोण शिकवणार? एक दिवस तिला वाटलं, टकटक बदलली. आवाज जाड झाला, दबका झाला. तिने उठून बाहेर बघितलं नाही. देवाच्या तसबिरीकडे बघत बसून राहिली. थोड्या वेळाने घाव अगदी हलके पडायला लागले, जसं कुणी झोपलेल्याच्या दाराशी चालावं. तोच तो वेल.

कुंड देवळात नेऊन बसवलं. पाद्रीबाबांनी सांगून ठेवलं होतं, पोर झालं की मला निरोप धाडा आणि कुंड काठोकाठ भरून ठेवा, मी येऊन पाणी मंतरीन. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याला आपलं शेपूट जोडलं. नव्या कुंडाचं पहिलं पाणी कमी होता कामा नये. कुंड रितं, तर पाळणा रिता.

वैशाखात, दिवस भरायच्या आधीच, सकाळच्या पारी कोंसूला मुलगी झाली. मुठीएवढी. ओठ निळसर. आवाज असा की मांजरीच्या पिलाने लाजावं. फिलूमायने तिला उलटीसुलटी केली, ऊब दिली आणि लोट्याकडे हात नेला.

“कोंसू, मी पाणी घालते. हिचा भरवसा धरू नको.”

“नको, माय.”

“अगं, बाबांची होडी दुपारच्या भरतीशिवाय येत नाही.”

“एकाला पाणी मिळालंच नाही, एकाला घरचं मिळालं, दोघं गेले. हिला घंटेचं पाणी मिळेल. ही थांबेल.”

फिलूमायने स्वतःच्या कपाळावर क्रूस काढला आणि पुटपुटली, “तू थांबशील गं. तिला कुणी विचारलंय?” पण लोटा तिने हाताशीच ठेवला, पोरीच्या ओठांकडे लक्ष देत बसून राहिली.

त्या काळी आई बाप्तिस्म्याला जात नसे. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. धर्ममाता येऊन बाळ घेऊन जायची आणि आईने घरात पडून घंटा ऐकायची. बस्त्यावची मामेबहीण रोजिन धर्ममाता ठरली होती. तिने लाल लुगडं नेसून तयार राहायचं कबूल केलं होतं. सूर्य वर चढला. रोजिन आली नाही. कोंसू पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती. एक आला. मग बराच वेळ नाही. मग आला.

आला तो बस्त्याव. अनवाणी, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

“पाणी ठरत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“कुंडात. देवळाची विहीर उपसली, घराघरातलं प्यायचं पाणी आणून ओतलं. वेलाच्या बाजूने झिरपतंय. फरशीवर तळं झालंय, कुंड अर्ध्याच्याही खाली. माणसं घरी चालली. रोजिनने सांगून पाठवलंय, तिचा पाय मुरगळला.”

“कधी?”

“कुंड गळायला लागल्यावर,” बस्त्याव म्हणाला.

पाद्रीबाबांनी लोट्यातून सुद्धा पाणी घातलं असतं. त्यांचं काही अडत नव्हतं. हे कोंसूलाही ठाऊक होतं. पण जिच्यासाठी पहिल्या दिवशी कुंड आटलं त्या पोरीला गावात कोण मांडीवर घेणार होतं? आणि बाहेरच्यांचं सोडा, तिला स्वतःलाच आता वाटायला लागलं होतं की पोरीचा श्वास आणि तिकडचं पाणी एकाच चिरेतून चाललंय.

“तुम्हाला ऐकू आलं होतं ना?” तिने विचारलं. “काम करताना?”

बस्त्याव खाली बघत म्हणाला, “आलं होतं. तू विचारू नका म्हणालीस, मी विचारलं नाही. तिथे हात हलका केला, एवढंच.”

कोंसूने त्याला बोल लावला नाही. कसा लावणार? मनगट तिनेच धरलं होतं. भीतीने तिने दगडाचं तोंड बंद केलं होतं, आणि त्याआधी एकदा भीतीनेच स्वतःचं तोंड उघडलं होतं. ती पोरीला दुपट्यात घेऊन उठली.

“कुठे चाललीस?” फिलूमाय ओरडत तिच्या मागे धावली. “बाळंतीण आहेस! उंबरा!”

तिने उंबरा ओलांडला. बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून जाण्याएवढं बळ तिच्या पायांत नव्हतं. ती सरळ गडग्यापाशी गेली, पोर बस्त्यावच्या हातात दिली आणि बुजवलेल्या वाटेतला वरचा दगड ओढला. तो पडला. मग दुसरा. बस्त्याव पुढे व्हायला गेला तर तिने कोपराने त्याला मागे सारलं.

पलीकडे विहिरीच्या कठड्यावर इजबेल बसली होती. घंटा का वाजत नाही, ते तिला केव्हाच कळलं होतं. गावात कुणाला कळलं नव्हतं? दगड पडत होते आणि ती बघत होती. उठली नाही.

“मागच्या खेपेला तोंडाने घर फोडलंस,” ती म्हणाली. “आज हातांनी फोडतेस वाटतं?”

“जाऊबाई, पाणी द्या.”

“माझ्या विहिरीचं? त्यात मी रोज वाकून बघते हो. माझी नजर पडलेली आहे त्यात. सोसेल तुझ्या लेकीला?”

कोंसू गडग्याच्या फटीतून आत आली. पायांखाली रक्ताचे थेंब पडत होते, असं सांगतात. तिने बस्त्यावच्या हातातून पोर घेतली आणि इजबेलच्या मांडीवर ठेवली. तोंडावरचं दुपटं बाजूला केलं.

“बघा,” ती म्हणाली. “पोटभर बघा. तुमच्या नजरेखाली ठेवते हिला. जगली तर तुमची, गेली तरी तुमच्याच मांडीवर जाऊ दे. माझी जीभ जळली होती, जाऊबाई.”

कोंसूच्या त्या बोलापासून ज्या बाईला नजरेची म्हणून लोकांनी टाळलं, तिच्याकडे कुणी आजवर तान्हं पोर दिलं नव्हतं. इजबेलने पोरीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. कोंसूने पोर मागे घेतली नाही. हात मागे बांधून ती उभी राहिली.

मग इजबेल उठली. पोरीला पदरात गुंडाळून छातीशी धरलं आणि बस्त्यावच्या अंगावर खेकसली, “उभा काय राहिलास खांबासारखा? राहाट ओढ! आणि तू, फिलूमाय, गावात जा. म्हणावं घागर घेऊन या, नाही तर उद्यापासून इजबेलच्या विहिरीवर तोंड दाखवू नका!”

बाया आल्या. गोड्या पाण्यासाठी कोण नाही येणार? राहाटापासून देवळापर्यंत घागरींची रांग लागली. पोरीला घेऊन इजबेल पुढे गेली आणि कोंसू त्या मोडक्या गडग्याच्या दगडावर बसून राहिली. देवळात तिला जायचं नव्हतं, घरात तिला जाववत नव्हतं. येणाऱ्या बाईला ती विचारायची, “ठरलं का पाणी?” बाई मान हलवायची, “झिरपतंय.” पोरीचं विचारायची तिची छाती झाली नाही.

वैशाखातली विहीर ती. घागरी जड निघत होत्या, मग अर्ध्या निघायला लागल्या, मग पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त. पांढुरका, लोण्यासारखा गाळ. बस्त्याव थांबला. “वहिनी, विहीर संपली,” असं त्याने सांगून पाठवलं. इजबेलचा उलटा निरोप आला, “गाळ तर गाळ. पाठव.” पावसाला अजून दिवस होते. त्या विहिरीवर ती स्वतः जगायची, तिची केळी जगायची. तिने तळ खरवडून दिला.

खाडीवर भरती चढली. पाद्रीबाबांची होडी धक्क्याला लागली, कुणीतरी ओरडत सांगत गेलं. मग गल्लीत कुणीच येईना. ना घागर, ना बाई. गडग्यावर कोंसू, राहाटापाशी बस्त्याव, एवढेच. कावळा सुद्धा ओरडत नव्हता.

आणि घंटेचा एक ठोका पडला.

एकच.

कोंसूने पुढच्या ठोक्याची वाट बघितली. तो आला नाही. तिचे हात पोकळ झाले. एकटा ठोका कशाचा असतो, हे तिला दोन्ही खेपांना खाडीपलीकडून आलेल्या ठोक्याने शिकवलं होतं. ती रडली नाही. तिने गडग्यातला एक दगड उचलला, छातीशी धरला, पोर धरावं तसा. राहाटापाशी उभ्या असलेल्या एकट्या बस्त्यावनेच ते बघितलं, आणि त्याने म्हणे दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

देवळात काय झालं होतं, ते त्यांना नंतर कळलं. गाळाचं पाणी ओतल्यावर कुंड काठापर्यंत भरलं आणि खाली उतरेना. पाद्रीबाबांनी पाणी मंतरलं, पोरीच्या डोक्यावर ओतलं. गारव्याने पोर दचकली आणि अशी काही किंचाळली की बाबांच्या हातातला पाणी ओतायचा शिंपला पडला. ओठ लाल झाले. म्हातारा पास्कू घंटेच्या दोरीला लोंबकळला, आणि पहिला ठोका पडतो न पडतो तोच इजबेल ओरडली, “थांब, मेल्या! आधी बघू दे मला!” ती गुडघ्यांवर बसली. डोक्यावरचं पांढरं फडकं काढून तिने फरशी पुसली, मग कुंडाचं बूड पुसलं, मग ते फडकं पिळून पुन्हा एकदा बुडाभोवती फिरवलं आणि वाट बघितली. एका बाईला वाट बघायला लावून ती दुसरीकडे वाट बघत होती, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मग तिने फडकं गालाला लावलं.

“कोरडं!” ती म्हणाली. “वाजव आता. तुटेपर्यंत वाजव!”

गडग्यावर बसलेल्या कोंसूने दुसरा ठोका ऐकला, तिसरा ऐकला, आणि मग मोजायची गरज उरली नाही. हातातला दगड खाली पडला तो तिच्या पायाच्या अंगठ्यावर. जन्मभर त्या अंगठ्याला नख नव्हतं. ती ते सगळ्यांना कौतुकाने दाखवायची.

शिकलेली माणसं म्हणतात, गाळाने चीर बुजली. असेल. त्या विहिरीत गाळ आधीपासून होताच की, तो कुणी काढायला गेलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इजबेल रिकाम्या विहिरीत डोकवायला गेली, तर झरे मोकळे होऊन पाणी पहिल्यापेक्षा वर आलेलं होतं म्हणे. पावसाआधी. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पोरीचं नाव इजबेलच ठेवलं. ती जगली, धट्टीकट्टी झाली. तिच्या मागून कोंसूला मुलगे झाले, मुली झाल्या, आणि माळ्यावरचे दोन्ही पाळणे खाली उतरले. गडग्यातली वाट पुन्हा कधी बुजली नाही. जिला गाव नजरेची म्हणत असे, तिच्याकडे बाळंतिणी आपणहून पोरं आणायला लागल्या, “थोरलीमाय, जरा बघा हिच्याकडे.” आणि ती डोळे भरून बघायची. ज्या बाईला पोर झालं नाही, तिला मरताना माय म्हणणारी इतकी तोंडं होती की पाद्रीबाबांना खाटेपाशी जायला वाट मिळेना.

आजही तिवरपाड्यात बाप्तिस्म्याच्या दिवशी कुंडात ओतायची पहिली घागर घरची नसते. ज्या घराशी आपलं बोलणं तुटलंय, त्या घरी बाळाची आई स्वतः जाते आणि पाणी मागते. काही जणी दारापर्यंत जाऊन परत येतात, पुन्हा जातात. पण जातात. आजही वेलाच्या रेषेत बोट फिरवलं की आतला पांढरट गाळ हाताला लागतो. कुंडाची ती बाजू अजून मुकीच आहे, आणि एवढ्या वर्षांत तिथून थेंबही गळलेला नाही. आजही एक ठोका पडतो, मग सगळं गाव श्वास रोखून धरतं. आई आता देवळात येते, बाळाजवळच उभी असते. तरी तेवढा वेळ तिचा हात छातीवर जातोच. मग फडकं वर होतं.

कोरडं.

आणि घंटा सुटते.